परक्याचा शिधा आणि आपली चूल

अकोल्याच्या एका वाचक-कुटुंबाकडून आलेलें पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. कुटुंब मोठें, एका छपराखालीं चार पिढ्या नांदणारें. आजोबांच्या पुण्यतिथीला त्यांच्याकडे दरवर्षीं शंभर-सव्वाशें पानें उठतात. यंदा धाकट्या सूनबाईंनीं असें सुचविलें कीं, आप्तेष्टांचीं भरलेलीं पोटें पुन्हां भरण्यापेक्षां तो खर्च सुदान देशांतील उपाशी व देशोधडीस लागलेल्या लोकांकडे पाठवावा. सासूबाईंना तें रुचलें नाहीं. जें अन्न आपल्या हातानें वाढलें नाहीं आणि जें खाऊन तृप्त झालेलें तोंड आपण पाहिलें नाहीं, तें अन्नदान कसलें, असा त्यांचा प्रश्न. थोरल्या चिरंजीवांचा आक्षेप निराळा. एका राष्ट्रानें दुसऱ्या राष्ट्राला घातलेल्या घांसांत राजकारणच अधिक असतें, आपण त्या भानगडींत कां पडावें, असें ते म्हणतात. घरांत अबोला नाहीं, पण अवघडलेपणा आला आहे, आणि यजमानांनीं माझें मत विचारलें आहे.

मत देण्यापूर्वीं एका गोष्टीचें स्मरण करून देणें मला अवश्य वाटतें. आपण हा प्रश्न यजमानाच्या पाटावर बसून सोडवूं पाहतों. परंतु आपला वऱ्हाड, आणि आपलें हें स्वतंत्र झालेलें राष्ट्र, घेणाऱ्यांच्या पंक्तींत बसलें होतें त्याला कांहीं फार काळ लोटलेला नाहीं. त्या पंक्तींत बसल्यावर काय वाटतें, हें ध्यानांत घेऊनच या प्रश्नाकडे पाहिलें पाहिजे.

वऱ्हाड म्हणजे काळ्या कसदार मातीचा मुलूख. येथें दुष्काळ पडावयाचा नाहीं, असा एके काळीं सरकारदरबारींहि समज होता. इ. स. १८९६-९७ च्या टंचाईनें त्या समजाला तडा गेला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळानें तो पुरता मोडला. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची वस्ती सुमारें २९ लाख होती. ती १९०१ सालीं साडेसत्तावीस लाखांवर आली. वास्तविक आगगाडी १८६७ सालींच नागपुरापर्यंत पोंचलेली होती. धान्य बाहेरून आणतां येत होतें. नव्हता तो मजुराच्या गांठीं पैसा. तेव्हांच्या दुष्काळ-संहितेप्रमाणें धडधाकट माणसानें खडी फोडून मजुरी घ्यावी, आणि अशक्तानें सरकारी निवाऱ्यांत जाऊन शिजविलेलें अन्न खावें, अशी व्यवस्था होती. खडी फोडावयास लोक जात. त्या निवाऱ्यांत जाण्यापेक्षां मात्र अनेकांना घरीं कण्हत पडणें बरें वाटे. जातीचा प्रश्न होताच, पण तो एकच नव्हता. ज्याच्या घरची चूल विझली त्याला दुसऱ्याच्या चुलीवरची आमटी घशाखालीं उतरत नाहीं, हें पोट भरलेल्या अधिकाऱ्याला कळत नसे.

पण तें परक्यांचें राज्य होतें. आपलें राज्य १९४७ सालीं आलें, आणि येतांना भूक व बेघरपणा यांना बरोबर घेऊनच आलें. बंगालच्या दुष्काळांत सुमारें ३० लाख माणसें दगावलीं होतीं, त्याला तेव्हां चारच वर्षें झालेलीं. त्यांत फाळणी. सिंधमधील हिंदु प्रथम जागचे फारसे हलले नव्हते. १९४८ च्या जानेवारींत कराचीस दंगल झाली आणि मग बोटींवर बोटी मुंबईला लागूं लागल्या. कल्याणजवळच्या मोकळ्या पडलेल्या लष्करी बराकींत हीं माणसें उतरविण्यांत आलीं. त्याच वस्तीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांतलेच कांहीं लोक मजल-दरमजल करीत आपल्या वऱ्हाडांत आले. अमरावतीचें रामपुरी कॅम्प, कंवरनगर, अकोल्याचें सिंधी कॅम्प, हीं नांवें तेव्हांचीं. कंवरनगर हें नांव ज्या संत कंवररामांवरून पडलें, त्यांची सिंधमध्यें १९३९ सालींच गोळी घालून हत्या झाली होती. माणसें घरें टाकून आलीं, पण संताचें नांव बरोबर घेऊन आलीं.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील या लोकांपैकींच. अमरावतीस कापडाचें दुकान होतें. एकदां मुलाच्या अभ्यासाविषयीं बोलावयास आले असतां गोष्टीवरून गोष्ट निघाली. ते म्हणाले, "मास्तरजी, कॅम्पांत आम्हांला उपाशी कोणी ठेविलें नाहीं. दोन वेळां डाळभात मिळे. पण थाळी घेऊन रांगेत उभें राहावें लागे. आई रांगेंत येत नसे. मी सहा वर्षांचा, मी तिचें ताट आणावयाचा. मग एके दिवशीं शिजलेल्या अन्नाऐवजीं कोरडा शिधा मिळूं लागला. त्या दिवशीं आईनें तीन विटा मांडल्या आणि पहिली रोटी भाजली. ती करपली होती. पण सिंध सोडल्यापासून आई त्या दिवशीं प्रथम आमच्याशीं नीट बोलली." एवढें सांगून ते गृहस्थ पुन्हां मुलाच्या गणिताकडे वळले. पीठ तेंच, सरकार तेंच, खर्चहि बहुधा तितकाच. पण तीन विटांनीं केवढा फरक पडला!

पुढें मोफत शिधा बंद करण्याचें धोरण सरकारनें स्वीकारलें. त्यावर तेव्हां पुष्कळ ओरड झाली, आणि कित्येक कुटुंबांचे हाल झाले हेंहि खरें. परंतु याच लोकांनीं गोळ्या-बिस्किटें विकून, पापड लाटून, आगगाडीच्या डब्यांतून कंगवे-आरसे विकून आपला प्रपंच उभा केला. तेव्हां आपल्यांतले कित्येक "हे लोक बाजार बिघडवितात" असें म्हणत नाकें मुरडीत होते. पावशेर साखरेवर दोन पैसे नफा घेणारा दुकानदार आपल्याला बोचतो, आणि तोच माणूस हात पसरून आला असतां तर आपण त्याला शेर साखर फुकट दिली असती, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

येथें कोल्हापूरची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीस लागलेले सुमारें पांच हजार पोलंडवासी, त्यांत बायका-मुलेंच फार, १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथें राहत होते. त्यांच्या वसाहतींत कुटुंबागणिक निराळी खोली व निराळें स्वयंपाकघर होतें. त्या बायांनीं आपल्या रीतीचें अन्न आपण शिजविलें. त्यांतलीं मुलें म्हातारपणीं पोलंडहून वळिवडें पाहावयास येत राहिलीं. नुसत्या उपकाराच्या ओझ्यानें माणसें इतक्या दुरून येत नाहींत.

आतां थोरल्या चिरंजीवांच्या राजकारणाकडे वळतों. त्यांचा आक्षेप खोटा नाहीं. १९५१ सालीं आपल्या नव्या राष्ट्राला अमेरिकेनें २० लाख टन धान्यासाठीं १९ कोटि डॉलरांचें कर्ज दिलें. पण देण्यापूर्वीं त्यांच्या कायदेमंडळांत महिनेच्या महिने खल झाला, आणि नेहरूंचें परराष्ट्रधोरण हा त्यांतला मोठा मुद्दा होता. १९५४ सालीं तेथें 'पी. एल. ४८०' या नांवानें प्रसिद्ध असलेला कायदा झाला. त्यांच्या कोठारांत गहू मावत नव्हता, तो बाहेर काढण्याची ही युक्ति. किंमत मात्र रुपयांत घ्यावयाची, म्हणून आपल्यालाहि सोयीची. १९५६ च्या ऑगस्टमध्यें आपण तसा करार केला. त्या वेळीं दिल्लीस कृषिखात्याचे मंत्री होते आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. १९६० सालीं स. का. पाटील यांनीं चार वर्षांत १ कोटि ७० लाख टन धान्य आणण्याचा मोठा करार वॉशिंग्टनला केला. वऱ्हाडांतल्या ज्या घरांत सणावारालाच पोळी होत असे, तेथें रेशनचा गहू रोजचा झाला.

त्याच गव्हाबरोबर गाजरगवत आलें, असें आपण सर्व सांगत आलों आहों. हें गवत पुण्यास १९५५ च्या सुमारास नजरेस आलें आणि करार तर १९५६ चा, तेव्हां या आरोपांत तारखांची थोडी ओढाताण आहे. लोकांना मात्र ती गोष्ट पटली. ज्याचें अन्न खावें लागतें त्याच्याविषयींचा राग कोठेंतरी निघतोच, आणि गवत बिचारें उलट उत्तर देत नाहीं!

खरी परीक्षा १९६५ नंतर झाली. लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिला. १९६६ सालीं सुमारें एक कोटि टन धान्य बाहेरून आणावें लागलें. जहाज बंदराला लागावें आणि तेथून थेट ताटांत पडावें, असें तें जिणें. अध्यक्ष जॉन्सन यांनीं तेव्हां वर्षाचा करार न करितां थोडें थोडें धान्य सोडण्याची रीत धरली. शेतीकडे तुम्हीं लक्ष द्यावें म्हणून हा चिमटा, असें ते म्हणत. आणि व्हिएतनामच्या युद्धाविषयीं दिल्लीनें तोंड आवरावें, हाहि त्यांत हेतु होताच. लालबहादुर शास्त्रींनीं देशाला सोमवारच्या रात्रीचें जेवण सोडावयास सांगितलें तें १९६५ सालीं. आमच्या घरीं तो सोमवार शास्त्रीजींच्या मृत्यूनंतरहि बरींच वर्षें पाळला गेला. श्रावणांतल्या सोमवारीं मग दोन व्रतें एकत्र होत. आपल्या वऱ्हाडांतले, पुसदकडचे वसंतराव नाईक तेव्हां मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतींत स्वयंपूर्ण झाला नाहीं तर मला फांसावर चढवा, असें ते पुण्यांत भरसभेंत बोलून गेले. तसें घडलें नाहीं, आणि अर्थात् फांसहि कोणी दिला नाहीं. परंतु संकरित ज्वारीचा प्रसार त्या काळांत झाला, आणि १९६९ सालीं अकोल्यास कृषिविद्यापीठ निघालें, तें पुढें पंजाबरावांच्याच नांवानें चालूं लागलें. जॉन्सनच्या चिमट्याचा यांत वांटा किती, हें इतिहासकारांनीं ठरवावें.

मग आला १९७२ चा दुष्काळ. वऱ्हाडाला त्याची झळ मराठवाड्याइतकी लागली नाहीं, पण मिलो सर्वांनाच खावा लागला. हा अमेरिकेकडून आलेला लाल दाण्याचा ज्वारीचा प्रकार. मी तेव्हां शाळकरी मुलगा. ती लालसर, चिवट भाकरी पाहून आम्हीं मुलांनीं तोंडें वांकडीं केलीं कीं आजी म्हणे, अन्नाला नांवें ठेवूं नयेत. उपनिषदांनींहि हेंच व्रत सांगितलें आहे, हें मला पुढें पाठशाळेंत गेल्यावर कळलें. स्वतः आजी मात्र मिलोची भाकरी नैवेद्याला ठेवीत नसे. त्या दिवसांत देवाला मूठभर जुनी, आपल्या शेतांतली ज्वारी राखून ठेविली होती.

त्या दुष्काळांत दुष्काळी कामांवर सुकडी वांटली गेली, आणि ती खाल्लेलीं माणसें आज आजोबा-आजी झालीं आहेत. पण महाराष्ट्र तगला तो सुकडीवर नव्हे. १९७३ च्या उन्हाळ्यांत जवळजवळ ५० लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. खडी फोडणें तेंच, इंग्रजांच्या वेळचें. फरक असा पडला कीं, वि. स. पागे यांच्यासारख्यांनीं त्या मजुरीला हक्काचें रूप दिलें. मागेल त्याला काम देण्याची ही योजना आधीं लहान प्रमाणावर तासगांवकडे करून पाहिली होती. तिचा कायदा विधिमंडळानें १९७७ सालीं केला, तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अंमलांत आला. मजुरानें हजेरीपटावर अंगठा उठवावा, पैसे घ्यावेत, हव्या त्या दुकानांतून ज्वारी घ्यावी आणि घरीं जाऊन आपल्या चुलीवर भाकरी टाकावी. या योजनेंत लबाड्या झाल्या, खोटे हजेरीपट झाले, हें सर्व मान्य. तरी अन्नदानाच्या इतिहासांत हिला मी फार वरचें स्थान देतों.

घेण्याबरोबर देणेंहि चालूं होतें, हें विसरतां कामा नये. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटि माणसें आपल्या देशांत आलीं. त्या नोव्हेंबरपासून प्रत्येक लिफाफ्यावर पांच पैशांचें जादा तिकीट, शरणार्थी-साहाय्याचें, लावणें सक्तीचें झालें. आमच्या वडिलांच्या जुन्या पत्रव्यवहारांत तीं तिकिटें अजून आहेत. आत्याच्या डोहाळजेवणाचें बोलावणें, त्यावरहि एक! ज्या राष्ट्राला स्वतःला मिलो खावा लागत होता, त्यानें एक कोटि पाहुण्यांना असें पोसलें. आणि त्या पाहुण्यांचें नवें राष्ट्र, बांगला देश, तीनच वर्षांत दुष्काळांत सांपडलें, तेव्हां अमेरिकेनें धान्य अडवून धरलें. कारण काय, तर त्यानें क्यूबाला तागाचीं पोतीं विकलीं होतीं. थोरल्या चिरंजीवांच्या वहींत हें उदाहरण अवश्य टिपून ठेवावें. मात्र त्यांतून त्यांनीं काढलेलें अनुमान मला मान्य नाहीं. सरकारें धान्याचें राजकारण करितात, म्हणून गृहस्थानें हात आखडता घ्यावा, असें कसें होईल? उलट गृहस्थाच्या देणगीला क्यूबाची अट नसते.

आतां सुदान. तो देश १९५६ सालीं स्वतंत्र झाला. त्यांतूनच २०११ सालीं दक्षिण सुदान हें निराळें राष्ट्र निघालें. उत्तरेकडे २०२३ च्या एप्रिलमध्यें दोन सेनापतींत युद्ध पेटलें, त्यांत एक कोटीहून अधिक माणसें घरांतून उठलीं, आणि २०२४ सालीं झमझम नांवाच्या निर्वासितांच्या छावणींत दुष्काळ असल्याचें अधिकृतपणें जाहीर झालें. दक्षिणेंत जेथें रस्ते नाहींत तेथें विमानांतून पोतीं खालीं टाकावीं लागतात. त्या पोत्यांत बहुतेक वेळां काय असतें, हें सासूबाईंना अवश्य सांगा : ज्वारी! त्या लोकांचें मुख्य अन्न तेंच, आणि ज्वारीची मूळ लागवडहि त्याच भागांतली, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपल्या हुरड्याचें माहेर तिकडे आहे.

सासूबाईंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला सुदानच्याच लोकांनीं उत्तर शोधलें आहे. युद्ध सुरू झाल्यावर तेथल्या गल्लोगल्लींच्या तरुण मंडळींनीं सार्वजनिक स्वयंपाकघरें उघडलीं. त्यांना ते तकिया म्हणतात. फकिराच्या तकियाचा आपल्या मराठींतला शब्द तोच. वाढणारा आणि जेवणारा एकाच आळीतले, एकमेकांना नांवानें ओळखणारे. २०२५ च्या आरंभीं अमेरिकेनें आपली मदत एकाएकीं थांबविली, तेव्हां यांतलीं शेंकडों स्वयंपाकघरें बंद पडलीं. पुढें त्या सरकारनें परदेशांस मदत देणारी आपली स्वतंत्र संस्थाच मोडून परराष्ट्रखात्यांत मिसळून टाकली. सूनबाईंची सूचना अशा वेळीं आली आहे, म्हणून तिला मी योग्य काल म्हणतों. दानाला देश, काल व पात्र पाहावें, असें आपले ग्रंथ सांगतातच. तैत्तिरीयांतला गुरु शिष्याला निरोप देतांना दान श्रद्धेनें करावें म्हणतो, आणि लाजत करावें असेंहि म्हणतो. ही लाज कोणी घ्यावयाची? देणाऱ्यानें. घेणाऱ्याच्या वांट्याला ती फार वेळां आपोआप येते.

गाडगेमहाराज हें ओळखून होते. कोणत्याहि गांवांत शिरले कीं आधीं खराटा हातीं घ्यावयाचा, गांव झाडावयाचा, आणि मग घरोघर भाकरी मागावयाची. पूर्णाकांठीं ऋणमोचनच्या यात्रेंत आंधळ्यापांगळ्यांना ते जेवूं घालीत, तेव्हां स्वतः खापराचें भांडें घेऊन बाजूला बसत.

तेव्हां माझें मत असें. पुण्यतिथीचा विधि व्हावा, घरच्यांचीं व गुरुजींचीं पानें वाढावीं. बाकीच्या पानांचा खर्च सूनबाईंच्या हातीं द्यावा. पैसे कोणत्या संस्थेमार्फत पाठवावयाचे तें त्यांनीं ठरवावें, मात्र पाठविण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या : शिजवितो कोण, आणि शिधा किंवा रोख रक्कम घेणाऱ्याच्या हातीं पडते कीं नाहीं. जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थांनींहि आपल्या मदतीचा बराच भाग आतां रोख रकमेच्या रूपानें देण्यास सुरुवात केली आहे, ती याच कारणानें. थोरल्या चिरंजीवांनीं संस्थेचे हिशेब तपासावे. संशयी माणसाला तें काम चांगलें जमतें.

यावर कोणी म्हणेल, सुदान कशाला, मेळघाट काय दूर आहे? हा आक्षेप पुष्कळदां कांहींच न देण्याची सबब म्हणून येतो, पण तो खोटा नाहीं. मेळघाटांतील बालमृत्यूंविषयीं आपण वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों. व्याघ्रप्रकल्पांतून उठविलेलीं केलपाणी, गुल्लरघाट इत्यादि गांवांतलीं कोरकू कुटुंबें अकोला जिल्ह्यांत अकोट-तेल्हाऱ्याकडे आणून बसविलीं. कुटुंबामागें दहा लक्ष रुपये ठरले होते. म्हणजे पैसा मिळाला नाहीं असें नव्हे. पण कसावयास जमीन नाहीं, हाताला काम नाहीं, औषधपाण्याची सोय नाहीं, अशी तक्रार करीत तीं माणसें परत जंगलांत जाऊं लागलीं, आणि २०१९ च्या जानेवारींत तेथें त्यांचा व वनखात्याच्या आणि पोलिसांच्या माणसांचा संघर्ष झाला. दोन्हीकडचे लोक जखमी झाले. पत्र पाठविणाऱ्या कुटुंबाच्या घरापासून अकोट अवघें पंचेचाळीस किलोमीटरांवर आहे. सूनबाईंनीं सुदानला पैसे पाठवावेच. आणि दिवाळीच्या सुटींत घरांतल्या दोन-तीन शहाण्या मुलांना बरोबर घेऊन त्या नव्या वस्त्यांपैकीं एखादीवर जाऊन यावें. जातांना फराळाचे डबे नेऊं नयेत. सकाळीं जावें, आणि कोणाकोणाच्या घरीं चूल पेटलेली आहे तेवढें पाहून मला कळवावें.